कोडीची एकच लायब्ररी, तीन यंत्रं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मारियाडीबी हा डेटाबेस लावून कोडी या सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या ॲपची सामाईक लायब्ररी (सगळ्या यंत्रांवर सिनेमांची आणि 'पाहिलं'च्या खुणांची एकच यादी) कशी करायची, हे शोधलं की सगळीकडे सापडतं. आठ महिन्यांनी त्यात काय बिघडतं, ते फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून तेवढंच लिहितोय.

जोडणी साधी आहे. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर मारियाडीबी आणि फाइली नेटवर्कवर शेअर करणारा सांबा, त्याला यूएसबी डिस्क. हॉलमध्ये अँड्रॉइड टीव्ही बॉक्स, आतल्या खोलीत लिब्रइलेक (फक्त कोडीसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) असलेलं यंत्र, टेबलावर विंडोज लॅपटॉप. पाय सरासरी चार वॉट घेतो असं धरलं, तर दिवसरात्र चालू ठेवूनही महिन्याला तीन युनिटच्या आत भागतं. वर्गणी नाही, नवीन यंत्र नाही. एवढ्या पैशात याहून चांगलं काही मिळत नाही, हे माझं मत आजही कायम आहे.

लिहायला निमित्त झालं ते अपडेटचं. एखादा बॉक्स रात्री आपणहून कोडी २० वरून २१ वर जातो आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाहिलेल्या भागावर लॅपटॉपवर 'पाहिलं'ची टिकच येत नाही. चूक झाल्याचा संदेश कुठेही दिसत नाही, म्हणून माणूस नेटवर्क तपासत बसतो. खरं कारण असं, की कोडीच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीचा डेटाबेस वेगळा असतो : १९ चा मायव्हिडिओज११९, २० चा १२१, २१ चा १३१. नवी आवृत्ती जुन्या डेटाबेसची प्रत काढते आणि पुढचं सगळं त्या प्रतीत लिहिते. जुना डेटाबेस तसाच राहतो आणि बाकीची यंत्रं त्यातच लिहीत राहतात. एका घराच्या दोन वह्या होतात.

दोन-चार दिवसांत लक्षात आलं, तर सगळी यंत्रं बंद करा, १३१ चा बॅकअप घेऊन तो काढून टाका, सगळीकडे २१ टाका आणि मग एकच यंत्र आधी सुरू करा. १२१ ची ताजी प्रत निघेल. मधल्या दिवसांत बॉक्सवर पाहिलेलं तेवढं हाताने टिक करावं लागेल. एसक्यूएलने, म्हणजे थेट डेटाबेसला आज्ञा देऊन, नोंदी जुळवायच्या असतील, तर फाइल क्रमांकावर विसंबू नका. वह्या वेगळ्या झाल्यानंतर दोन्हीकडे तोच क्रमांक वेगवेगळ्या फाइलींना मिळालेला असू शकतो. मार्ग आणि फाइलचं नाव जुळवूनच प्लेकाउंट (किती वेळा पाहिलं) आणि लास्टप्लेड (शेवटचं कधी पाहिलं) हलवा. आणि प्ले स्टोअरमधलं आपोआप अपडेट आधी बंद करा.

आता मूळ मुद्दा. कोडी सिनेमा ओळखत नाही, पत्ता ओळखतो. पाहिल्याची खूण आणि थांबलेलं मिनिट, दोन्ही फाइलच्या मार्गाला चिकटलेलं असतं. एका यंत्रावर 'एसएमबी://१९२.१६८.१.१०/सिनेमे/' आणि दुसऱ्यावर त्याच जागी 'एसएमबी://पाय/सिनेमे/' असेल, तर डेटाबेसच्या लेखी ते दोन वेगळे सिनेमे. तिसऱ्यावर एनएफएस (फाइली शेअर करण्याची दुसरी पद्धत) किंवा विंडोजचा झेड ड्राइव्ह असेल, तर तिसरा. लायब्ररीत एकच पोस्टर दोनदा दिसतं, एकावर टिक, एकावर नाही. 'सिंक होत नाही' अशा तक्रारींत मी सगळ्यात आधी हेच तपासायला सांगतो. पत्ता प्रत्येक यंत्रावर हाताने टाइप करू नकाच. पहिल्या यंत्रावरची सोर्सेस डॉट एक्सएमएल फाइल उचलून बाकीच्यांच्या यूजरडेटा फोल्डरमध्ये ठेवा. पायचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राउटरमध्ये राखून ठेवा. लायब्ररी अपडेट फक्त एकाच यंत्रावरून करा.

वीज गेल्यावरचे घोटाळे वेगळेच आहेत. वीज परत येते तेव्हा सगळं एकदम सुरू होतं, कोडी तयार होतो आणि डेटाबेस अजून जागा झालेला नसतो. लायब्ररी रिकामी दिसते. घाबरायचं कारण नाही, कोडी बंद करून पुन्हा सुरू करा. लिब्रइलेकमध्ये नेटवर्कची वाट पाहण्याची सेटिंग आहे, ती चालू करून तीस सेकंद द्या.

याहून घातक प्रकार 'क्लीन लायब्ररी'चा, म्हणजे फाइल सापडत नाही अशा नोंदी पुसून टाकण्याचा. वीज आल्यावर यूएसबी डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे पायला जोडली गेली नाही, तर सांबा रिकामा फोल्डर दाखवतो. कोडीला वाटतं फाइली पुसल्या गेल्या आणि क्लीन करताना नोंदी इतिहासासकट जातात. उपाय फुकटचा आहे. डिस्कचा माउंट होणारा फोल्डर थेट शेअर करू नका, डिस्कच्या आत एक फोल्डर करून तो शेअर करा. डिस्क नसेल तेव्हा मार्गच सापडणार नाही आणि 'फोल्डर रिकामा आहे' असा गैरसमज होणार नाही.

आपल्याकडच्या लांबलचक सिनेमांसाठी आणखी एक. मूळ सेटिंगप्रमाणे ९० टक्के झालं की कोडी 'पाहिलं' समजतो आणि शेवटचे ८ टक्के उरले असता थांबवलं, तर थांबल्याची जागा ठेवत नाही. तीन तासांच्या सिनेमात ८ टक्के म्हणजे चौदा मिनिटं. ऐन शेवट राहिलेला असतो आणि सिनेमा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ॲडव्हान्स्डसेटिंग्ज या कोडीच्या फाइलमध्ये हे आकडे ९७ आणि २ करा. ही फाइल प्रत्येक यंत्रावर वेगळी असते, तेव्हा बदल तिन्हीकडे करा. एकीकडे राहिला, तर कुठल्या खोलीत थांबवलं यावर निकाल ठरतो.

सुरुवातीला जेलीफिनबद्दल (घरच्याच यंत्रावर चालणारा सिनेमांचा सर्व्हर) कुणी विचारलं, की 'एवढ्यासाठी वेगळा सर्व्हर कशाला?' असं माझं उत्तर असायचं. ते मी आता बदललंय. कोडी थांबल्याची जागा डेटाबेसमध्ये लिहितो ती थांबवल्यावर. सिनेमा चालू असताना बॉक्सची वीज गेली, की त्या बैठकीची नोंद गेलीच. राउटर आणि पायला छोटा यूपीएस लावला तरी टीव्हीकडच्या बॉक्सचं काय? जेलीफिनचा क्लायंट (पाहायच्या यंत्रावरचं ॲप) मात्र सिनेमा चालू असतानाच सर्व्हरला जागा कळवत राहतो. शिवाय त्यात प्रत्येक माणसाचं खातं वेगळं. कोडीच्या सामाईक डेटाबेसमध्ये घरभर एकच टिक : आईने मालिकेचा भाग पाहिला, की तो सगळ्यांनीच पाहिला. डेटाबेसला वेगळं नाव देऊन वेगळी प्रोफाइल करता येते, पण मग स्कॅनिंग, पोस्टर, सगळं दुप्पट.

तेव्हा पाहणारे एक-दोन असतील आणि वीज टिकत असेल, तर मारियाडीबीच ठेवा. घरात चार जण आपापलं पाहत असतील किंवा वीज रोज जात असेल, तर जेलीफिनकडे जा. तोही फुकटच आहे. पायवर जड फाइली ट्रान्सकोड होणार नाहीत (चालू असतानाच दुसऱ्या स्वरूपात बदलता येणार नाहीत), त्या थेट चालतील असेच क्लायंट निवडा. कोडीचं जेलीफिन ॲडऑन लावणार असाल, तर ॲडव्हान्स्डसेटिंग्जमधला डेटाबेसचा भाग आधी काढा, दोन्ही एकत्र ठेवू नका.

आणि मारियाडीबी सोडण्यापूर्वी कोडीच्या सेटिंग्जमधून लायब्ररी 'वेगवेगळ्या फाइलींत' एक्सपोर्ट करून ठेवा. प्रत्येक सिनेमाशेजारी एनएफओ ही माहितीची फाइल तयार होते आणि पाहिल्याची खूण तिच्यात राहते. कोडीत परत आणताना 'इम्पोर्टवॉच्डस्टेट' ही सेटिंग चालू नसेल, तर मात्र ती वाचली जात नाही.