आधी झाकण लावायला शिका: 22 इंची कोळशाचा ग्रिल, सात महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये घेतलेला ग्रिल परवाच्या शनिवारी घासूनपुसून, कव्हर घालून शेडच्या आडोशाला लावला. मधल्या सात महिन्यांत त्यात पस्तीस-चाळीस वेळा तरी विस्तव पेटला असेल. घेण्याआधी मी ढीगभर परीक्षणं वाचली होती. त्यातली बहुतेक खोकं उघडल्यावर दोन दिवसांत लिहिलेली: रंग छान, स्क्रू सगळे सापडले, पाच तारे. जाळीला गंज कधी चढतो, राखेचं काय करायचं, शाकाहारी पाहुणा आला की काय होतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा लांबलचक हिशेब.

आधी आमची परिस्थिती. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. नऊ वर्षं अपार्टमेंटमध्ये काढली, तिथे ग्रिलचं नावच काढायचं नाही. इकडे बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत अशा इमारतींना लाकडी बाल्कनीवर, किंवा जळू शकेल अशा बांधकामापासून 10 फुटांच्या आत, कोळसा पेटवायला मनाई आहे. स्वतंत्र घराला यातून सूट असते, पण आमच्या घराच्या भिंतींना बाहेरून व्हायनिलच्या पट्ट्या आहेत आणि त्या धगीने मेणासारख्या वितळतात. आमच्याच गल्लीत एका घराची भिंत अशी लोंबलेली आहे, येताजाता दिसते. त्यामुळे डेकवर न ठेवता अंगणात चार फरशा टाकून जागा केली. ग्रिल बघायला जाण्याआधी ही जागा टेपने मोजा. दुकानात सगळं लहान दिसतं.

आता खाणारी तोंडं. नवरा, मी आणि दोन्ही मुलं सगळं खातो. आई भुसावळहून सहा महिन्यांसाठी आली होती, ती पक्की शाकाहारी. शिवाय शनिवारी जमणाऱ्या मंडळींपैकी निम्मी अशी, की ज्या जाळीवर चिकन भाजलं तिच्यावरचं कणीससुद्धा त्यांना चालत नाही. दुकानातल्या माणसाने बर्नर किती, चाकं किती, बाजूला फळी आहे का हे सगळं विचारलं. हे मात्र विचारलं नाही.

नवऱ्याचा कल गॅसकडे होता, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गॅसचा ग्रिल दहा-पंधरा मिनिटांत तापतो. मंगळवारी ऑफिसातून दमून आल्यावर पनीरचे आठ तुकडे भाजायचे असतील तर तोच बरा. 20 पौंडी प्रोपेनच्या नळकांड्यात साधारण 4,30,000 बीटीयू (इकडचं उष्णता मोजायचं माप) उष्णता असते, म्हणजे तासाला 36,000 बीटीयूचे बर्नर पूर्ण उघडे ठेवले तर बारा तास. पण दुकानात रिकामं देऊन भरलेलं आणतो तेव्हा त्यात बऱ्याचदा 15 पौंडच गॅस असतो, म्हणून नऊ तास धरा. आणि बीटीयूच्या आकड्याला भुलू नका. तो ग्रिल किती गॅस खातो ते सांगतो, जाळीवर किती धग पोचते ते नाही. पातळ पत्र्याचं झाकण असेल तर तुमचे बीटीयू आकाशातल्या कावळ्यांना.

पेलेटचा, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर चालणारा ग्रिल बघितला, त्याला वीज लागते, नको म्हटलं. चिनी मातीचा अंड्याच्या आकाराचा कामाडो आवडला होता. किंमत आणि वजन बघून दोघंही गप्प बसलो.

शेवटी मी अडून बसले कोळशावर, कारण मला भरीत हवं होतं. 22 इंची केटल, म्हणजे तीन पायांवर उभा असलेला, झाकणासकट गोल, काळा ग्रिल. 170 डॉलर. तीन बर्नरचा जो गॅसवाला बघितला होता तो 450 चा. कंपनीचं नाव देत नाही. या घाटाचे ग्रिल आता कितीतरी जण बनवतात आणि पुढचं बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

हा घाट आला कुठून, ते वाचलं आणि तिथेच मला माझी चूक कळली. 1952 मध्ये शिकागोकडचा जॉर्ज स्टीफन हा वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बॉये बनत. त्याने असा एक गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्यात कोळसा घातला आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. उघड्यावर कोळसा पेटवून मांस भाजणारे त्याच्या आधी हजारो वर्षं होतेच. त्याने नवीन दिलं ते झाकण.

आणि मी पहिले दोन महिने झाकण गवतावर ठेवून स्वयंपाक करत होते.

मला वाटायचं, कोळसा मला कळतो. लहानपणी घरी शेगडी होती. कोळशाचा चुरा आणि माती कालवून आजी गोळे थापायची, ते अंगणात वाळत असायचे. (इथल्या पिशवीतल्या ब्रिकेट म्हणजे त्या गोळ्यांचीच चुलत भावंडं. हेन्री फोर्डने 1920 च्या दशकात गाड्यांच्या कामातून उरलेल्या लाकडाच्या भुशाचं आणि तुकड्यांचं काय करायचं म्हणून त्यांचा कारखाना काढला, एवढाच फरक.) शेगडी म्हणजे उघडा विस्तव आणि हातात पुठ्ठा. आच कमी पडली की वारा घाल. तसंच मी इथे केलं. दह्या-मसाल्यात मुरवलेल्या कोंबडीच्या तंगड्या थेट निखाऱ्यांवर मांडल्या, चरबी ठिबकली, भडका उडाला, मी घाबरून अजून उलथापालथ केली. बाहेरून कोळसा, हाडाजवळ गुलाबी. आई खुर्चीत बसून बघत होती. म्हणाली, “अगं, शिजवतेयस की होम करतेयस?”

जूनमध्ये कधीतरी डोक्यात प्रकाश पडला. निखारे सगळीकडे पसरायचे नाहीत, एका बाजूला ओढायचे. दुसरी बाजू रिकामी. तंगड्या रिकाम्या बाजूला, झाकण बंद, आणि झाकणावरची भोकं बरोबर तंगड्यांच्या वर येतील असं फिरवायचं. मग हवा खालून निखाऱ्यांतून येते, गरम होऊन तंगड्यांवरून फिरते आणि वर निघून जाते. आच कमीजास्त करायची ती खालच्या झडपेने. वरची भोकं उघडीच ठेवायची. झाकण उचललं की धग जाते आणि निखाऱ्यांना एकदम हवा मिळून भडकाही होतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. तंगड्यांना झाकणाखाली पाऊण तास लागतो आणि शेवटची तीन-चार मिनिटं निखाऱ्यांवर धरून त्या खरपूस करायच्या. पहिल्यांदा हे जमलं त्या दिवशी नवऱ्याने गॅसचा विषय काढला नाही.

झाकणावरच्या तापमापकावर मात्र विश्वास ठेवू नका. तो घुमटातली हवा मोजतो, मांस नाही. वीस डॉलरचा टोचायचा थर्मामीटर घ्या. कोंबडीसाठी 165 फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअस; खिम्याच्या कबाबांना 160 पुरतं. तो आल्यापासून आमच्याकडे कच्चं कुणी खाल्लं नाही आणि सुरीने कापून बघण्यात रसही वाया गेला नाही.

दुसरी गोष्ट घ्यायचीच, ती चिमणी. झाडावरची नव्हे, कोळसा पेटवायची पत्र्याची नळी. खाली वर्तमानपत्राचे बोळे, वर कोळसा, काडी लावायची आणि वीस मिनिटं दुसरं काम करायचं. वरच्या कोळशावर राखेची पांढरी साय धरली की ओतायचा. एकदा आळसाने बाटलीतलं पेटवायचं द्रव्य ओतलं, तर पनीरला रॉकेलचा वास आला. ती बाटली अजून भरलेली आहे, हवी असेल त्याने न्यावी.

आता भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ते वांगं इथे मिळत नाही हे मान्य करूनच सुरुवात करावी लागते. इथली मोठी जांभळी वांगी पाणचट, सालीला जाड, आत बिया. आम्ही तीन रीती करून पाहिल्या. जाळीवर ठेवून झाकण लावलं तर वांगं उकडतं, वास येत नाही. पेटत्या चिमणीच्या तोंडावरच छोटी जाळी ठेवून भाजलं तर भट्टीसारखा जाळ मिळतो, पण एका वेळी एकच वांगं होतं. सगळ्यात बरं म्हणजे जाळी काढून टाकायची आणि वांगी थेट निखाऱ्यांत घालायची. त्यासाठी ब्रिकेट नको, अख्ख्या लाकडाचा कोळसा हवा. ब्रिकेटमध्ये चुरा धरायला स्टार्च असतो आणि राखही फार. सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचा, नाहीतर फुटतं. चिमट्याने फिरवत वीसेक मिनिटं. इथे झाकण खरंच नको, इथे शेगडीची सवय कामाला येते.

आईने चव घेतली आणि म्हणाली, “मऊ झालंय. पऱ्हाट्यांचा वास नाही.” खानदेशात भरिताचं वांगं कपाशीच्या वाळक्या काड्यांवर नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजतात, त्या धुराची चव वेगळीच. न्यू जर्सीत कपाशी कुठून आणायची? उपाय तिनेच काढला. सप्टेंबरच्या शेवटी वाफ्यातली भेंडी संपली, तेव्हा तिने झाडं उपटून शेडच्या छपरावर वाळत टाकली. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातली हे मला नंतर वाचून कळलं, तिला काडी मोडून वास घेतल्यावरच कळलं होतं. दोन आठवड्यांनी त्या काड्या निखाऱ्यांवर टाकून वांगी भाजली. हिरव्या मिरच्याही तिथेच. लसूण, दाणे, कांद्याची पात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नव्हती, नुसत्या ज्वारीवर भागवलं. “जवळपास आलं,” म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

कणसांबद्दल थोडक्यात: ऑगस्टमधली इथली गोड कणसं निखाऱ्यांवर दोन मिनिटं फिरवली की झालं, आपल्या देशी मक्यासारखी भाजत बसलात तर सुरकुततात. पनीरला चपट्या सळया घ्या. गोल सळईवर पनीर तसंच राहतं आणि सळईच फिरते. बांगडा जाळीला चिकटला, दोनदा. तिसऱ्यांदा जाळी कडक तापवून, तेलाचा बोळा फिरवून, माशाचा पिंजरा वापरून निभावलं.

जाळीचा प्रश्न असा सोडवला: पंचवीस डॉलरची दुसरी जाळी आणली. तिच्या कडेला तार गुंडाळून खूण केली, ती शाकाहारी. चिमटा वेगळा, ब्रशही वेगळा. आधी शाकाहारी जाळीवरचं सगळं होतं, मग जाळी बदलते. पहिल्या वेळी सगळ्यांसमोर बदलून दाखवली, तेव्हापासून कुणी विचारत नाही. तीन बर्नरच्या गॅस ग्रिलवर हे इतकं सहज झालं नसतं, तिथे जाळ्या जड असतात आणि खालच्या पत्र्यावर कोंबडीची चरबी तशीच राहते.

ब्रशचं निघालंच आहे तर, तारांचा घेऊ नका. त्याची तार सुटून अन्नातून पोटात गेल्याच्या घटनांबद्दल सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने 2012 मध्येच सावध केलं होतं. मी काट्याला अर्धा कांदा टोचून गरम जाळीवर घासते, डोशाच्या तव्यावर घासतो तसा.

आता तक्रारी. तीन पायांमुळे फरशी जरा वाकडी असली की डुगडुगतो. राखेची खालची थाळी उघडी आहे. वाऱ्याच्या दिवशी राख थेट वाळत घातलेल्या कपड्यांवर. झाकणाची मूठ तासाभरात हाताला चटका देते. जाळीवरचा मुलामा सप्टेंबरपर्यंत मधोमध गेला आणि गंजाचे ठिपके आले. एक चाक दुसऱ्याच महिन्यात तडकलं; तीन ईमेल, दोन फोटो आणि पाच आठवड्यांनी नवीन आलं, तेही चुकीच्या रंगाचं. आठ-दहा माणसांच्या वर पाहुणे असतील तर 22 इंच पुरत नाहीत, दोन घाण्यांत भाजावं लागतं.

आणि एक चूक माझी. जुलैत जेवणं झाल्यावर पाच तासांनी, विझलीच असणार म्हणून, राख कागदी पिशवीत घालून कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकली. रात्री अकरा वाजता मुलगा म्हणाला, डब्यातून धूर येतोय. डब्याला मुठीएवढं भोक पडलं, बाकी निभावलं. राखेत दडलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. आता झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, दोन दिवस राख त्यातच, आणि तो भिंतीपासून लांब. ग्रिल गराजमध्ये तर कधीच पेटवू नका, पाऊस असला तरी. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खर्चात मात्र केटल स्वस्त पडला. जेवण झालं की वरची-खालची भोकं बंद करायची, विस्तव गुदमरतो आणि अर्धा कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. सात महिन्यांत कोळशाला नव्वदएक डॉलर लागले. पण पेटवण्यापासून ताट वाढेपर्यंत दीड तास धरा. आम्ही तो मधल्या वारी एकदाही पेटवला नाही. ज्यांना आठवड्यात तीनदा भाजून हवंय त्यांनी कोळशाच्या नादी लागू नये, हे मी नवऱ्यासमोरही कबूल केलंय.

तेच महागात पडतंय. काल त्याने थँक्सगिव्हिंगच्या सेलमधला दोन बर्नरचा छोटा गॅस ग्रिल दाखवला. म्हणे, फक्त मंगळवारसाठी. मी अजून हो म्हटलेलं नाही. सकाळी टेप घेऊन अंगणातली जागा तेवढी मोजून आले.