गोडॉक्स एसएल६०डब्ल्यू: माजघरात कामाचा, पुळणीवर ओझं

विद्यार्थ्यांच्या शूटला एकच लाइट भाड्याने घेण्याइतके पैसे असतील तर बहुतेक वेळा गोडॉक्सचा हा एसएल६०डब्ल्यूच हाती पडतो. ६० वॉटचा एलईडी, ५६०० केल्व्हिन (उन्हासारखा पांढरा रंग), बोवेन्स माउंट (सॉफ्टबॉक्स वगैरे अडकवायची कडी). गुहागर-दापोलीकडे शूट असेल तर न्यावा का? न्यावा, पण घरातल्या सीनसाठी.

पुळणीवर दुपारच्या उन्हापुढे ६० वॉट दिसतही नाहीत. सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावला तर वाऱ्यात त्याचं शीड होतं आणि स्टँड आडवा. तिथे उजेड परतवायला दोन थर्माकोल आणि लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) पुरतात. हिशोब सोपा आहे. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० धरून कडक उन्हात एफ/२.८ वर, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडं ठेवून, राहायचं तर सहा स्टॉप (एक स्टॉप कापला की उजेड निम्मा) कापावे लागतात, म्हणजे एनडी६४. स्वस्तातला व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त होणारा) एनडी शेवटापर्यंत फिरवला की वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते, म्हणून फिक्स्ड बरा. भर दुपारी वाळू खालून उजेड फेकते आणि हनुवटी खालून उजळते. चारनंतर सूर्य नटाच्या पाठीशी घेऊन थर्माकोल समोर धरला की तीच वाळू मदतीला येते.

खरी कसोटी कौलारू घरात. चिऱ्याच्या भिंती आणि सारवलेली जमीन उजेड पिऊन टाकतात, वर छताला कौलं, म्हणजे छतावर उजेड मारून परतवायचीही (बाउन्स) सोय नाही. खोलीत लाइट उभा करून सगळं उजळायला गेलात तर भिंतीवर पांढरा डाग पडतो आणि कोपरे काळेच राहतात. त्यापेक्षा लाइट पडवीत, खिडकीबाहेर ठेवा. गजांच्या सावल्या जमिनीवर हव्या असतील तर उघडा, नुसत्या रिफ्लेक्टरवर (लाइटपुढची धातूची वाटी). चेहऱ्यावर मऊ उजेड हवा असेल तर खिडकीच्या चौकटीला ट्रेसिंग पेपर ताणून लावा. अंतर दीड मीटरवरून तीन मीटर केलं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात. लाइट मागे सरकवण्याआधी हे लक्षात ठेवा. खिडकी पोफळीच्या वाडीकडे उघडत असेल तर पानांवरून येणारा उजेड हिरवा असतो आणि गालाची ती बाजू आजारी दिसते. तिथे वाडीच्या बाजूला काळं कापड टांगा, नंतर रंग सुधारत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. कौलातल्या काचेतून पडणारा उन्हाचा चौकोन मात्र या लाइटने बनवायच्या फंदात पडू नका. तो खरा पकडा आणि वाइड शॉट आधी उरका, कारण चौकोन सरकतो.

दोष दोन. पंखा चालू राहतो आणि शांत माजघरात माइक तो टिपतो. खिडकीबाहेर ठेवण्याचा हाही फायदा. (पावसाळ्यात बेडकांपुढे पंखा ऐकू येत नाही, पण तेव्हा संवादही येत नाहीत.) दुसरं, डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) १० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. छोट्या खोलीत तेही जास्त होतं, मग ट्रेसिंग पेपरचे दोन थर लावा.

तो थेट मेन्सवर चालतो, साध्या पाच अँपिअरच्या प्लगवर भागतं. वीज गेली तर घरातला इन्व्हर्टर कामी येतो: १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. निम्मेच धरले आणि इन्व्हर्टरमधला तोटा वजा केला तरी लाइट दहा तास ओढतो, घरातले पंखे बंद असतील तर. साइनवेव्ह (मेन्ससारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर आहे ना, ते आधी विचारा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/६० ठेवलं तर घरातल्या ट्यूबलाइटचे पट्टे फ्रेममधून सरकतात. १/५० किंवा १/१०० ठेवा. या लाइटशेजारी घरातला पांढरा बल्ब चालू ठेवू नका. दोघांचा रंग जुळत नाही आणि त्वचा मातकट होते.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट अंगणात काढला की लेन्सवर बाष्प धरतं. पुसू नका, बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. किनाऱ्यावरून आल्यावर स्टँडचे पाय आणि स्क्रू ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा, नाहीतर खाऱ्या हवेने गंज धरतो.

सगळ्यात जास्त वसुली दिवेलागणीच्या शॉटला होते. कॅमेरा अंगणात, लाइट आत, त्यावर फुल सीटीओ जेल (उजेड पिवळसर करणारा नारिंगी पारदर्शक कागद). ५६०० चं साधारण ३२०० होतं आणि पाऊण स्टॉपच्या आसपास उजेड जातो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणता रंग पांढरा धरायचा ते) ४३०० केल्व्हिनच्या जवळ ठेवला की खिडकी पिवळी आणि आभाळ निळं राहतं. सूर्य बुडाल्यावर हाती वीसेक मिनिटं असतात. आभाळ दर मिनिटाला काळवंडतं, म्हणून प्रत्येक टेकआधी डिमर थोडा खाली आणायचा. जेल, फ्रेम, फोकस हे सगळं उजेड असतानाच लावून ठेवा आणि नटाला तालीम पाच वाजता द्या.