वाट संदेशात लिहायची की मध्यस्थावर सोपवायची?

वांद्रे-कुर्ला संकुलात बँकांच्या प्रणाली जोडणाऱ्या टीमसमोर हा प्रश्न येतोच: सोप (SOAP, म्हणजे प्रणालींमधल्या देवाणघेवाणीसाठीचा एक्सएमएल साचा) संदेश दोन-तीन मध्यस्थ सर्व्हरमधून न्यायचा, तर मार्ग ठरवायचा कोणी?

मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या डब्ल्यूएस-राउटिंग या नियमावलीत पाठवणाराच हेडरमध्ये (संदेशाच्या वरच्या, माहितीच्या भागात) ‘व्हाया’ नोंदी क्रमाने लिहायचा. प्रत्येक मध्यस्थ आपली नोंद काढून संदेश पुढे धाडायचा; परतीची वाटही सोबत तयार होऊ शकायची. संदेश उघडला की प्रवास समोर दिसतो, हे मला फार आवडतं. पण मधला एक सर्व्हर बदलला की संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक क्लायंट प्रोग्रॅमला हात लावा. शिवाय आतल्या नेटवर्कची रचना बाहेरच्याला कळते. बँकेच्या कामात हे अजिबात चालणार नाही. आणि टप्प्याटप्प्याला बदलणाऱ्या हेडरवर पाठवणाऱ्याची डिजिटल सही टिकणार कशी?

दुसरा पर्याय डब्ल्यूएस-ॲड्रेसिंग (वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीची शिफारस, २००६). ते शेवटचा पत्ता, उत्तराचा पत्ता, ॲक्शन (संदेशाचा हेतू), मेसेज आयडी अशा गोष्टी सांगतं, मधली वाट नाही. पुढचा टप्पा मध्यस्थ स्वतःच्या, कुठला संदेश कुठे धाडायचा याच्या तक्त्यावरून ठरवतो. हेडर शेवटपर्यंत तेच राहू शकतं, सही टिकते.

नवं काम असेल तर मी हाच पर्याय घेईन. मात्र तक्ता चुकला तर संदेश दोन मध्यस्थांतच फिरत राहू शकतो. प्रत्येक टप्प्याच्या लॉगमध्ये मेसेज आयडी नोंदवाच.