काळ्या पावडर कोटखालचा वेल्ड: मस्टँगच्या सस्पेन्शन किटमध्ये झालेली फसवणूक

साठीच्या दशकातली फोर्डची मस्टँग ज्यांच्याकडे आहे आणि जे तिचं पुढचं सस्पेन्शन घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बदलायला निघालेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. एका माणसाने मला "कोरे" म्हणून जे वरचे कंट्रोल आर्म (पुढचं चाक गाडीच्या सांगाड्याला वरून जोडणारे लोखंडी हात) विकले, ते जुन्या गाडीतून काढलेले निघाले. त्यातल्या एकाला तडा गेला होता, त्यावर वेल्ड मारून काळा पावडर कोट, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला जाड रंग, चढवला होता. सगळ्या किटचे 1,850 डॉलर गेले. पैशांचं वाईट वाटतंच, पण खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्या गाडीत शेजारच्या सीटवर माझी लेक बसते, आणि आर्म विकणाऱ्याला रंगाखाली काय आहे ते पक्कं ठाऊक होतं.

आधी गाडीबद्दल सांगतो, कारण तो माणूस तिथूनच आत शिरला. माझी 1966 ची हार्डटॉप. दाराच्या पाटीवरचा नंबर 6टी07सी असा सुरू होतो. 6 म्हणजे 1966, टी म्हणजे मेटचनचा कारखाना, 07 म्हणजे हार्डटॉप, पक्क्या छताची, आणि सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं 289 घन इंचांचं व्ही-एट, आठ सिलिंडरचं इंजिन, 200 हॉर्सपॉवरचं. हा मेटचनचा कारखाना म्हणजे आपल्या न्यू जर्सीतल्या एडिसनमधलाच. फोर्डने तो 2004 मध्ये बंद केला. न्यू जर्सीतले किती तरी मराठी लोक रोज कामाला जाताना रूट 1 वर त्या जागेवरून जातात. आपल्या गावात बनलेली गाडी आपल्या हाताने नीट करायची, याचं मला फार अप्रूप होतं. जाणकार मस्टँगला मसल कार म्हणत नाहीत, पोनी कार म्हणतात. म्हणोत बापडे, व्ही-एटचा आवाज तोच आहे.

इंजिन ठणठणीत होतं, पण पुढची बाजू पार थकली होती. ब्रेक दाबला की नाक खाली, वळण आलं की गाडी आडवी. ठरवलं ते असं: एका इंचाला 620 पौंड ताकदीच्या (एक इंच दाबायला 620 पौंड लागतील अशा) स्प्रिंग, नवे वरचे आर्म, अ‍ॅडजस्ट होणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, वळणात गाडीचं कलणं कमी करणारा एक इंच जाडीचा अँटी-रोल बार, आणि आर्निंग ड्रॉप. फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांनी सुचवलेला हा बदल म्हणजे शॉक टॉवरमध्ये (इंजिनच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंग आणि शॉक धरणारा पत्र्याचा उभा भाग) नवी भोकं पाडून वरच्या आर्मचा आस इंचभर खाली आणायचा. रेसर कॅरोल शेल्बी यांनी मस्टँगवरून बनवलेल्या 1965 च्या जीटी 350 मध्ये हेच केलेलं होतं. गाडी वळणात कलली की बाहेरचं चाक रस्त्यावर उभं राहतं, कडेवर पडत नाही. टेम्प्लेट नीट धरून ड्रिल मारलं की झालं, खर्च जवळजवळ नाहीच. जुन्या मस्टँगवर करण्यासारखं याहून चांगलं काम मला माहीत नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या एका स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, हा माणूस भेटला. साठीच्या पुढचा, शांत, हात ग्रीसने काळे. मी फोनवर माझ्या दाराच्या पाटीचा फोटो दाखवला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, नंबर एका दमात वाचला आणि म्हणाला, "मेटचन. मी त्या लाइनवर काम केलंय." पुढचा अर्धा तास त्याने कारखान्याच्या गप्पा मारल्या. विकण्याची घाई अजिबात नाही. मी विचारल्यावरच टेबलाखालून खोकी काढली: काळेभोर आर्म, निळ्या पट्ट्याच्या स्प्रिंग, एका नामांकित कंपनीच्या खोक्यात शॉक, आणि डोक्यावर सहा रेघा असलेले बोल्ट पिशवीत मोजून बांधलेले. कार्डाचं मशीन चालत नाही म्हणाला, झेलने (बँकेतून बँकेत लगेच पैसे पाठवायची सोय) दिलेत तर पन्नास डॉलर कमी करतो म्हणाला. पावती लिहून दिली, वर नाव, पत्ता, फोन. पावतीवर स्वतःच्या अक्षरात "न्यू" लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

फसवणूक रचून कशी केली जाते ते बघा. पाटी वाचता येणं ही काही सिद्धी नाही, ते कोड कुठल्याही मस्टँगवाल्याला पाठ असतात. पण आपल्या गाडीची जन्मकथा कुणी आपल्याला सांगितली, की त्याच्या हातातल्या वस्तूकडे आपण वेगळ्या नजरेने बघू लागतो. तो हेच विकत होता, लोखंड नंतर आलं.

हिवाळ्यात काम केलं. ज्यांनी या गाडीची स्प्रिंग काढलीय त्यांना ठाऊक आहे की ते जिवावरचं काम आहे. टॉवरमधून कॉम्प्रेसर खाली घालून स्प्रिंग दाबावी लागते, आणि ती निसटली तर हात जातो. सगळं शांतपणे केलं. भोकं पाडली, आर्म बसवले, टॉर्क रेंचने आवळले. गाडी जमिनीवर आली तेव्हा छान खाली बसलेली, रुबाबदार दिसत होती. पहिल्यांदा बाहेर काढली ती आमच्याच कॉलनीत. स्टॉप साइनला ब्रेक दाबला की डाव्या बाजूने "कट्" असा एक सुटा आवाज येई. करकर नाही, खडखड नाही, फक्त कट्. गाडी परत आणून स्टँडवर चढवली. डाव्या आर्मवर, बॉल जॉइंटच्या (आर्म आणि चाक जोडणारा, सगळीकडे वळणारा सांधा) बैठकीजवळ, काळ्या कोटमध्ये केसासारखी एक रेघ होती आणि तिच्यातून तांबूस पाणी पाझरल्यासारखा डाग पडला होता.

माझा एक मित्र कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत त्याने क्वालिटीत वर्षं काढलीत, आता इथे तेच काम करतो. त्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, "भावा, गाडीला हात लावू नकोस. आणि ग्राइंडर तर अजिबात मारू नकोस, तडा बुजतोय त्यानं. रिमूव्हर लावून ठेव, मी येतो."

पावडर कोट साध्या रंगासारखा निघत नाही. रिमूव्हरचे थर देत राहावं लागतं, मग तो फुगून कातड्यासारखा सोलून निघतो. निघाला तेव्हा खाली वेल्डची जाड वळी होती, वरून घासून सपाट केलेली. मित्राने येताना डाय पेनिट्रंटचे तीन डबे आणले होते. आधी क्लीनरने धातू लख्ख पुसला. मग लाल डाय फवारली आणि दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू दिली. फडक्याने सगळा लाल रंग पुसून टाकला, आर्म पुन्हा स्वच्छ दिसू लागला. शेवटी पांढरा डेव्हलपर मारला, चुन्यासारखा. आम्ही बघत उभे होतो. पांढऱ्यावर आधी एक लाल ठिपका उमटला, मग दुसरा, मग ते जुळत गेले आणि वेल्डच्या कडेने बॉल जॉइंटच्या भोकापर्यंत लाल रेघ उमटली. वेल्डने जुना तडा झाकला होता, आणि त्याच्याच काठाला, तापून कमजोर झालेल्या धातूत, नवा तडा पुढे सरकत होता.

याचं गांभीर्य या गाडीची रचना माहीत असेल तरच कळेल. बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. 1973 पर्यंतच्या मस्टँगमध्ये ती वरच्या आर्मवर बसते. म्हणजे गाडीच्या त्या कोपऱ्याचं सगळं वजन टॉवरमधून स्प्रिंगवर, स्प्रिंगमधून वरच्या आर्मवर आणि तिथून वरच्या बॉल जॉइंटवर येतं. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट फक्त साथ देतो. वरचा आर्म तुटला की चाक आत कलंडतं, नाक रस्त्यावर घासतं आणि स्टिअरिंग हातात उरत नाही. हे कॉलनीत झालं तर फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, जातो. रूट 1 वर झालं तर काय होईल ते मला लिहवत नाही.

मग सगळं किट बाहेर काढून तपासलं. दोन्ही आर्मवर बॉल जॉइंटच्या भोकांभोवती घासल्याच्या गोल खुणा होत्या. कारखान्यातून या गाडीचे बॉल जॉइंट रिव्हेट मारलेले येत, नंतर बदलताना रिव्हेटची डोकी घासून काढतात आणि बोल्ट लावतात. कोऱ्या आर्मवर अशा खुणा असायचं कारणच नाही. शॉकची अ‍ॅडजस्टमेंटची कडी पार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली तरी दांडा हाताला तेवढ्याच जोराने आत-बाहेर होत होता. खोकं खरं असेल, आतला माल त्या खोक्यातला नव्हता.

स्प्रिंगची परीक्षा घरी करता येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हायड्रॉलिक प्रेसखाली 400 पौंडांपर्यंत मोजणारा वजनकाटा ठेवला, त्यावर जाड फळी, त्यावर स्प्रिंग. आधी थोडं दाबून स्प्रिंग बसू दिली आणि तिथला आकडा लिहून ठेवला. तिथून बरोबर अर्धा इंच दाबली. 620 ची स्प्रिंग असेल तर आकड्यात 310 पौंडांची भर पडायला हवी. माझ्या स्प्रिंगवर 210 च्या आसपासच पडत होती. तारेची जाडी थोडी कमी असली तरी केवढा फरक पडतो बघा: स्प्रिंगची ताकद तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते, म्हणजे तार दहा टक्के बारीक घेतली की ताकद एक तृतीयांशाने घटते. डोळ्याला ते दिसत नाही. इथे तर एका टोकाचा वेढाही डिस्कने कापलेला होता आणि कापलेल्या तोंडावर रंग होता. मऊ स्प्रिंग कापून बुटकी केली की गाडी खाली बसते, आणि बघणाऱ्याला वाटतं कडक स्प्रिंग घातल्या. तो "रुबाब" असा आला होता.

बोल्टच्या डोक्यावरच्या सहा रेघा म्हणजे ग्रेड 8, तुटायला दर चौरस इंचाला किमान 150,000 पौंड ताण लागणारा. पण नुसत्या रेघा पुरत नाहीत, बनवणाऱ्याची खूणही डोक्यावर असावी लागते. बनावट बोल्टचा अमेरिकेत इतका सुळसुळाट झाला होता की 1990 मध्ये त्यासाठी फास्टनर क्वालिटी अ‍ॅक्ट हा वेगळा कायदा करावा लागला. माझ्या पिशवीतल्या एकाही बोल्टवर बनवणाऱ्याची खूण नव्हती. दोन बोल्ट तर टॉर्कला ताणून मधे बारीक झाले होते, नट बोटाने पुढे जाईना.

त्या माणसाला फोन केला. आधी त्याने इतकी हळहळ व्यक्त केली की मलाच त्याचं समाधान करावंसं वाटलं. नवी जोडी पाठवतो म्हणाला, ट्रॅकिंग नंबरही आला. तो नंबर "लेबल तयार, पार्सल मिळालेलं नाही" इथून पुढे हललाच नाही. मग उत्तरं उशिरा येऊ लागली, मग थांबली, मग माझा नंबर ब्लॉक झाला. पावतीवरच्या पत्त्यावर टपालाने पत्र पाठवलं, ते परत आलं.

बँकेने सांगितलं, तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. झेलची हीच मेख आहे, आणि पेपॅलच्या "फ्रेंड्स अँड फॅमिली"चीही: खरेदीदाराला तिथे संरक्षण नसतं. "मशीन चालत नाही" हे वाक्य म्हणूनच असतं. क्रेडिट कार्डने दिले असते तर 1974 च्या फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्टखाली पहिल्या स्टेटमेंटपासून 60 दिवसांत लेखी तक्रार करता येते आणि कार्ड देणाऱ्या बँकेला चौकशी करून उत्तर द्यावं लागतं. छोट्या दाव्यांसाठी न्यू जर्सीच्या कोर्टात 5,000 डॉलरपर्यंतची सोय आहे, पण दावा लावायला समोरच्याचा खरा पत्ता लागतो, आणि तो परराज्यातला असेल तर बहुधा तिकडेच जावं लागतं. मी पोलिसांत आणि एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी अमेरिकेची सरकारी संस्था) तक्रार नोंदवलीय. पैसे परत आलेले नाहीत, आणि येतील असं वाटतही नाही. आता गाडीत कोरे आर्म आहेत, बनवणाऱ्याकडून थेट मागवलेले, बिलासकट. आर्निंग ड्रॉपची भोकं तीच. वळणावर ती आता जशी चालते तशी चालवण्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

विकत घेताना आर्म हातात घ्या आणि बॉल जॉइंटच्या भोकांभोवती अंगठा फिरवा. पावडर कोट जाड असला तरी वेल्डचा उंचवटा आणि घासल्याचा खळगा बोटाला लागतो. "नवा" म्हणवणारा आर्म जाड कोटमध्ये गुरफटलेला असेल तर एका कोपऱ्यात कोट खरवडू द्या म्हणावं. खरा विक्रेता एक तर हो म्हणेल किंवा बनवणाऱ्याचं बिल दाखवेल. माझ्या माणसाने "कोटची वॉरंटी जाईल" म्हटलं होतं.

आणि ज्यांच्या गाडीत असे काळे आर्म आधीच बसलेत, त्यांनी पुढच्या फेरीआधी गाडी स्टँडवर घ्या. स्प्रिंग काढायची गरज नाही, चाक काढलं की बॉल जॉइंटची बैठक दिसते. कोटमध्ये रेघ किंवा गंजाचा ओघळ दिसला तर गाडी तिथेच ठेवा. माझ्या आर्मचे कोट काढण्याआधीचे, काढल्यानंतरचे आणि लाल रेघ उमटलेले फोटो मी जपून ठेवलेत. ज्याला आपला आर्म ताडून बघायचा असेल त्याने मागावेत, त्याच दिवशी पाठवीन.