उद्यमबागेतून आफ्रिकेत: यूएन स्वयंसेवक की छोटी सल्लागारी?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला फाउंड्रीचा (धातू ओतकामाचा) माणूस किंवा चिकोडीकडचा साखर कारखान्यातला केमिस्ट साठीच्या आसपास परदेशी विकासकामाला निघाला, तर वाटा दोन: यूएनचा स्वयंसेवक होणं किंवा काही आठवड्यांची सल्लागारी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ स्वयंसेवकाला वय किमान ३५ आणि १५ वर्षांचा अनुभव लागतो. पगार नसतो, पण निर्वाह भत्ता, आरोग्य विमा, प्रवासखर्च मिळतो. सल्लागारीत फी बरी, विमा बहुधा स्वतःच काढायचा. पण अशा काही आठवड्यांत यंत्र सुरू होतं, ते सांभाळणारी माणसं मात्र तयार होत नाहीत. म्हणून आमचा कौल पहिल्या वाटेला. मधुमेह, रक्तदाब आटोक्यात नसेल तर दुसरी बरी. पीतज्वराची (यलो फीवर) लस दोन्हीकडे लागू शकते. लसीचा दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी वैध होतो आणि साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. तिकिटाआधी डॉक्टरांना भेटा.