‘अलॉय’ हा शब्द रिमवर छापला होता, फ्रेमवर नाही

रविवारी सकाळी साडेआठला मुलीचा फोन आला, “पप्पा, मागचं चाक फ्रेमला घासतंय, पुढे जातच नाहीये.” मैत्रिणींबरोबर ती रामशेजला गेली होती आणि आशेवाडीजवळच्या कच्च्या रस्त्यावर अडकली होती. सायकल घेऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. टेम्पोत टाकून ती पंचवटीत आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाक खोललं, छर्रे एका वाटीत काढले आणि एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, माझ्या हातात दिला. मी तो फरशीवर घरंगळवला. मधोमध उचलला जात होता, इतका वाकला होता. माझी मुलगी बेचाळीस किलोची आहे.

मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. येणारा प्रत्येक माल मोजून, तपासून घेणं हेच माझं काम. सायकलच्या दुकानात मात्र समोरचा माणूस इतक्या ठामपणे बोलत होता की मी त्याच्या शब्दावर 13,800 रुपये मोजले. नाशकात आता घरोघरी मुलं सायकल मागतायत. 2015 साली महाजन डॉक्टर बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून सकाळी गंगापूर रोडला, त्र्यंबक रोडला हेल्मेटवाले दिसायला लागले. या हौसेचा फायदा कसा घेतला जातो ते सांगावं म्हणून हे लिहितोय.

हॅण्डलला 24,999 ची पट्टी लटकत होती. “साहेब, ऑफर आजच्या दिवस आहे, तुम्हाला 14 ला देतो.” मी 200 कमी करून घेतले आणि मला वाटलं, अकरा हजार वाचले. नंतर नाशिकरोडच्या एका दुकानात तेच मॉडेल, तोच रंग, कुठलीही ऑफर नसताना 9,600 ला उभं होतं. म्हणजे 24,999 ही किंमत फक्त पट्टीवर होती.

फ्रेम कशाची, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, “फुल अलॉय,” म्हणजे हलक्या अॅल्युमिनियमची, आणि बोट ठेवलं ते चाकाच्या रिमवर. तिथे ठळक अक्षरांत ‘अलॉय’ छापलेलं होतं आणि ते खरंच होतं, रिम अलॉयचीच आहे. फ्रेमवर तो शब्द कुठेच नव्हता. गियरचंही तसंच. चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरवर ‘शिमानो’ या नावाजलेल्या गियर कंपनीचं नाव लिहिलेलं, तेवढं दाखवून “पूर्ण सेट शिमानो” सांगितलं. शिफ्टर, पुढचा डिरेलर, क्रँक, चेन, फ्रीव्हील यांतल्या एकाही भागावर ते नाव नाही. ही फसवणूक करायची पद्धत लक्षात ठेवा. खोटं कुठेही छापलेलं नसतं. एका भागावर छापलेलं खरं नाव दाखवून बाकी सगळं तोंडी विकलं जातं.

वाकलेला एक्सल पाहिल्यावर मी कारखान्यातला मॅग्नेट घरी आणला. अलॉयला तो चिकटत नाही, लोखंडाला चिकटतो. फ्रेमच्या खालच्या नळीला लावला तर खट्कन चिकटला. वरची नळी, मागचा त्रिकोण, सगळीकडे चिकटला. लोखंडी फ्रेम वाईट असते असं मी म्हणत नाही, चांगल्या पोलादाच्या फ्रेम वर्षानुवर्षं चालतात. पण लोखंड द्यायचं आणि दर अलॉयचा लावायचा, याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सायकल कारखान्यातल्या काट्यावर चढवली. स्टँड आणि मडगार्डसकट 18 किलो 400 ग्रॅम. दुकानात “तेरा-चौदा किलो” सांगितलं होतं.

एक्सल का वाकला, हे मिस्त्रींनी समजावलं ते प्रत्येक पालकाला माहीत हवं. स्वस्त सायकलींत मागचे दाते म्हणजे फ्रीव्हील, आणि ते हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं. सात गियरचं फ्रीव्हील रुंद असतं. त्यामुळे त्या बाजूचे छर्रे हबमध्ये आत राहतात आणि छर्र्यांपासून फ्रेमपर्यंत एक्सलचा बराच तुकडा आधाराशिवाय उरतो. खड्ड्यातला प्रत्येक दणका त्या तुकड्यावर बसतो. महागड्या सायकलींत फ्रीव्हीलऐवजी कॅसेट असते, म्हणजे दाते हबवर सरकवून बसवलेले असतात. अशा हबमध्ये आधार बाहेरच्या टोकाजवळ असतो, म्हणून तो एक्सल सहज वाकत नाही. डांबरी रस्त्यावर फ्रीव्हील वर्षानुवर्षं चालतं. डोंगराच्या नावाने विकलेल्या सायकलला मात्र नेमका हाच भाग सगळ्यांत कच्चा ठेवलेला असतो, आणि तो झाकलेला असल्यामुळे दुकानात कोणाला दिसत नाही.

दिसतात ते शॉकअप, डिस्क आणि 21 गियर. शॉकअप त्याने दोन्ही हातांनी दाबून दाखवला होता आणि मुलगी खूश झाली होती. आत नुसती स्प्रिंग आहे, दाबली की बसते आणि सोडली की तशीच उसळते. ती उसळी अडवायला आत काहीच नाही, म्हणून दगडावरून गेलं की पुढचं चाक उडतं. वर त्याचं लोखंडाचं वजन. डिस्क ब्रेक तारेवरचे, पत्र्याच्या कॅलिपरचे. दर आठवड्याला घासतात आणि दर आठवड्याला सेट करावे लागतात. या किमतीत रिमवर दाबणारे साधे रबराचे व्ही-ब्रेक जास्त भरवशाचे असतात, असं माझं आता स्पष्ट मत आहे. मापाचं तर विचारूच नका. मी साइज विचारली तर “सव्वीस” म्हणाला. ते चाकाचं माप होतं. फ्रेमची उंची वेगळी असते, आणि ही फ्रेम पाच फूट एक इंच उंचीच्या मुलीला मोठी पडते. ब्रेक दाबून खाली उतरताना वरची नळी तिला लागते.

दुकानात परत गेलो. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतली पुस्तिका काढून बारीक अक्षरांतली एक ओळ दाखवली. कच्च्या रस्त्यावर वापरल्यास वॉरंटी नाही. मी म्हटलं, “दादा, तुम्हीच माउंटन बाइक म्हणून दिलीत ना?” उत्तर मिळालं नाही. बिलावर फक्त ‘सायकल, 1 नग’. मॉडेल नाही, फ्रेम नंबर नाही. फ्रेम नंबर पायडलच्या खाली, सायकल उलटी केली की दिसतो. तो बिलावर नसेल तर ही सायकल त्याच दुकानातली हेही तुम्हाला दाखवता येत नाही.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, लेखी काय आहे? सुदैवाने मुलीने खरेदीच्या आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं, “फ्रेम अलॉय आहे ना?” आणि उत्तर आलं होतं, “हो 100 टक्के.” त्या एका ओळीवर माझी तक्रार उभी आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. मी कागद जमवतोय.

आता सायकल किमतीची आहे का, हा प्रश्न. नंतर मी चार दुकानं फिरलो. वीस-बावीस हजारांच्या खाली मला कॅसेटवाली सायकल फारशी दिसली नाही. बजेट चौदाचं असेल तर शॉकअप सोडा आणि सरळ लोखंडी फोर्कची (पुढचं चाक धरणारा दुबेळका), हलकी, मापाची सायकल घ्या. कॉलेज, क्लास, सोमेश्वरपर्यंतची फेरी ती उत्तम करते. गियरचा डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर फ्रेमला स्क्रूने बसवलेला आहे ना, बघा. आमच्या सायकलला तो एक्सलच्या नटाखाली पत्री अडकवून बसवलाय, एकदा आपटला की गियर बिघडलेच. आणि कोणी “आजच्या दिवस ऑफर” म्हणालं तर त्या दिवशी अजिबात घेऊ नका.

मिस्त्रींनी नवा एक्सल टाकला, चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून दिला. मुलगी आता ती सायकल फक्त क्लासला नेते. अंजनेरीला जायचंय म्हणून मैत्रिणीच्या भावाची जुनी, शॉकअप नसलेली सायकल बघायला आणलीय, तो नऊ हजार सांगतोय. काल रात्री तिने माझ्या बॅगेतून मॅग्नेट काढला आणि फ्रेमला लावून पाहिला. चिकटला नाही. मग मागचं चाक काढून हब बघायला ती मला घेऊन बसली.