आरसी ३९०ची रेस फेअरिंग: आठ महिन्यांचा अनुभव, आणि त्या एका खोक्याबद्दल

गेल्या महिन्यात कोइमतूरच्या कारी स्पीडवेवर दुसरं सेशन संपवून मोटारसायकल पॅडॉक स्टँडवर चढवली आणि सवयीप्रमाणे फेअरिंगवरून, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणावरून, हात फिरवला. अपरच्या, म्हणजे पुढच्या वरच्या भागाच्या, उजव्या बाजूला, आरशाच्या जागेखालच्या बोल्टपासून निघालेला दीड इंचाचा तडा बोटाला लागला. डावी बाजू मात्र ठणठणीत होती. ही डावी बाजू माझ्या घरी आली तीच फुटलेली, आणि उजवी कारखान्यातून आली तशी कोरी. जोडलेली बाजू टिकली आणि धड बाजू गेली. तेव्हाच ठरवलं की या सेटबद्दल आता सविस्तर लिहायचं.

माझी गाडी २०१८ची केटीएम आरसी ३९०. गेली दोन वर्षं ती रस्त्यावर फिरत नाही, फक्त ट्रॅकसाठी ठेवली आहे. मूळचं प्लास्टिक काढून फायबरचा पांढरा, बिनरंगाचा सेट घ्यायचा हे बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. ट्रॅकवर आज ना उद्या पडणं आहेच, आणि कंपनीचा एकेक पॅनेल बदलत बसणं माझ्या खिशाला झेपत नाही. फायबर तुटलं तर परत सांधता येतं. अपर, दोन्ही बाजू, इंजिनाखालचा बेलीपॅन आणि सीटमागचं टेल असा सेट दक्षिणेतल्या एका छोट्या कारखान्यातून मागवला. १८,५०० रुपये आणि वर १,४०० भाडं. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात दोष आणि चांगुलपणा दोन्ही त्यांचेच आहेत.

माल जुलैत आला. कोल्हापुरातला जुलै म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. टेम्पोवाला पावसात उभा, घाईत, "सर लवकर सही करा." खोकं एका कोपऱ्याला ओलं होतं, दबलेलं होतं, ते मला दिसलं होतं. तरीही मी सही केली. त्या पोचेवर छापलेलंच होतं की माल सुस्थितीत मिळाला. नंतर तीन आठवडे मी जिथे जिथे भांडलो तिथे तिथे तीच सही माझ्यासमोर ठेवली गेली. "खोकं ओलं व दबलेलं, आतला माल तपासलेला नाही" एवढा शेरा लिहायला अर्धा मिनिट लागला असता, आणि तो मी लिहिला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

खोकं उघडलं. टेल अपरच्या पोटात घातलेलं, दोन्ही बाजू एकमेकींत बसवलेल्या, आणि सगळ्यांच्या खाली बेलीपॅन. मधे फोमचा एक पातळ पदर, तोही एकाच ठिकाणी. अपरच्या डाव्या अंगाला चार बोटं लांब तडा. टेलचा एक कान मोडून खोक्यात सुटा पडलेला. बेलीपॅनच्या तळाला जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, चांदणीसारख्या चिरा, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत.

फोटो पाठवले. कारखानदाराचं उत्तर, ट्रान्सपोर्टवाल्यांनी आपटलं असणार, आम्ही माल धड दिला होता. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर गेलो तर तिथला माणूस म्हणाला, पॅकिंगच कच्चं आहे, आणि सही तुमची आहे. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि मधे मी. उघडताना व्हिडिओ काढला का, असंही विचारलं. काढला नव्हता. माझं तेव्हाचं मत असं होतं की फायबरच हलक्या प्रतीचं आहे, काचेच्या धाग्यांच्या मॅटचा एकच थर टाकून माल विकतात, आणि मी फसलो. तसं मी दोन-तीन मित्रांना सांगितलंही. ते मत आता मागे घेतो.

ते बदललं शिवाजी उद्यमनगरात. तिथे बसच्या केबिनची आणि पाण्याच्या टाक्यांची फायबरची कामं करणारे एक मामा आहेत. अपर आणि बेलीपॅन घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बेलीपॅन उजेडात धरला, चांदणीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आतनं मार बसलाय ह्याला. भायरनं न्हाई." मी विचारलं, कसं कळलं? त्यांनी शेडमधला एक टाकाऊ तुकडा घेतला, पाठीमागून हातोडीचा हलका ठोका दिला. समोरच्या जेलकोटवर मधून बाहेर पसरणारी चांदणी उमटली. मग दुसऱ्या तुकड्याला समोरून ठोका दिला, तर ठोक्याभोवती गोल गोल चिरा आल्या. जेलकोट कडक असतो, तो ताणला गेला की चिरतो. मागून दाब आला की पुढचा भाग फुगतो आणि चांदणी फुटते. समोरून मार बसला की कडेकडेनं वर्तुळं उठतात.

माझ्या बेलीपॅनवर चांदणीच होती. म्हणजे हमालानं खोकं दगडावर टाकलं असं नव्हतं. टेलचं टोक वरून बेलीपॅनच्या पोटात रुतत होतं, आणि शेकडो किलोमीटरच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला तेच टोक त्याच जागी आदळत होतं. अपरच्या तड्यातही तेच, टेलच्या कडेचा घासलेला पट्टा आतल्या बाजूला स्पष्ट दिसत होता. मामांनी मॅटचे पदर मोजून दाखवले, कडेला दोन आणि बोल्टच्या जागी तीन. "माल चांगला हाय. बांधणाऱ्यानं घाण केली."

तेव्हापासून मी त्या खोक्यावरच अडकलो आहे. ज्यांना फेअरिंगचं फिटिंग कसं आहे एवढंच हवं आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालेल, पण मला वाटतं असा माल मागवणाऱ्यानं हे वाचावं.

भाग एकमेकांत घालून का पाठवतात? कारण खोक्यातल्या हवेचे पैसे पडतात. हवाई कुरिअरचा नेहमीचा हिशेब असा की लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५,०००नं भागायचं. माझं खोकं ११० बाय ६० बाय ४५ होतं. गुणाकार २,९७,०००, म्हणजे ५९.४ किलो. आतला माल जेमतेम सहा किलो. सहा किलोच्या वस्तूला साठ किलोचं भाडं. म्हणून कारखानदार रस्त्यानं पाठवतो, आणि रस्त्यानं पाठवतानाही खोकं जमेल तेवढं लहान करतो. त्याची अडचण मला कळते. पण मग प्रत्येक भागाच्या कडेला फोम हवा, टेल वेगळं बांधायला हवं, आणि खोकं पाच प्लायचं, म्हणजे कागदाच्या पाच थरांच्या पुठ्ठ्याचं तरी हवं. माझं तीन प्लायचं होतं. पुठ्ठा ओल धरतो आणि दमट हवेत त्याचा ताठपणा निघून जातो. दोन दिवस पावसाळी गोडाऊनमध्ये वर दुसरा माल ठेवला की तीन प्लायचं खोकं पापडासारखं मऊ पडतं आणि सगळं वजन आतल्या मालावर येतं. पंधरा-वीस हजारांच्या मालाला शे-दोनशे रुपयांचं खोकं जास्तीचं लागलं असतं. ते मी आनंदानं दिलं असतं, मला कुणी विचारलं नाही.

ट्रान्सपोर्टवर दावा करता येतो का, तेही पाहिलं. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ आणि त्याच्या २०११च्या नियमांप्रमाणे, जादा जोखीम आधी लिहून दिली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, आणि बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. माझ्या बाबतीत दहापट म्हणजे १४,०००. पण बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या बुकिंगच्या पावतीवर, मालाची किंमतच लिहिलेली नव्हती, आणि पोचेवर माझी बिनशेऱ्याची सही. मी तो नाद सोडला. ग्राहक आयोगाची वाट मात्र उघडी ठेवली होती. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करून माहितीही घेतली.

शेवटी कामी आली ती एक बादली पाणी. बेलीपॅन म्हणजे नुसती शोभा नाही. इंजिन फुटलं तर तेल ट्रॅकवर सांडू नये म्हणून तो असतो. एफआयएम या मोटारसायकल रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या सुपरबाइक नियमांत इंजिनमधल्या एकूण तेल आणि कूलंटच्या निम्मं तरी त्यात मावलं पाहिजे असं आहे, आणि पाणी जाण्यासाठीची भोकं कोरड्या ट्रॅकवर बंद ठेवावी लागतात. मागून येणाऱ्या माणसाचा जीव त्यावर असतो. मी गच्चीवर बेलीपॅन दोन विटांवर ठेवला, भोकांना बूच मारलं, पाणी भरलं आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. दहा मिनिटांत चांदणीच्या बरोबर मधून थेंब पडायला लागले. म्हणजे चीर जेलकोटपुरती नव्हती, आरपार गेली होती. तो व्हिडिओ आणि सोबत मामांनी सांगितलेलं चांदणीचं कारण, दोन्ही कारखानदाराला पाठवलं. रागाचा एक शब्द लिहिला नाही.

संध्याकाळी त्यांचा स्वतःहून फोन आला. "दादा, बरोबर आहे तुमचं. बेलीपॅन नवीन पाठवतो. बाकीचं तिथं दुरुस्त करून घ्या, खर्च देतो." आणि दिलाही. मी म्हटलं, बांधायचे चारशे रुपये माझ्याकडून घ्या, पण मी सांगतो तसं बांधा. पोटात कागदाचे गोळे गच्च भरायचे, कडांना फोम, वर प्लास्टिक, मग पाच प्लायचं खोकं, आणि रात्रीच्या खासगी बसच्या पार्सलनं पाठवायचं, म्हणजे मधल्या गोडाऊनमध्ये चढउतार होत नाही. बेलीपॅन एक ओरखडाही न लागता आला. या वेळी स्टँडवरच, सही करण्याआधी, पार्सलवाल्यासमोर खोकं उघडलं. त्यानं शांतपणे वाट पाहिली.

दुरुस्ती मामांच्या शेडमध्ये बसून अर्धी मी केली. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. समोरून टेप लावून कडा जुळवल्या. मागून ८०च्या पॉलिश पेपरनं चांगलं चार बोटं रुंद खरवडलं, ॲसिटोननं पुसलं, आणि ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन पदर, वर ३०० ग्रॅमचा एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. रेझिनमध्ये हार्डनर शेकडा एक-दीड. पावसाळी हवेत रेझिन लवकर धरत नाही, जास्त हार्डनर ओतायचा मोह होतो, तो आवरावा. घरी करणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर धरावं म्हणून घालतात ते) आधीच मिसळलेलं रेझिन घ्या. सुटं कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो. डोळ्याला चष्मा लावाच, हार्डनरचा थेंब डोळा घालवतो.

आता फिटिंग. अपरच्या स्टेची, म्हणजे त्याला धरणाऱ्या लोखंडी सांगाड्याची, भोकं जवळजवळ बरोबर जुळली, टेलला थोडं घासावं लागलं. मी सगळी भोकं बोल्टपेक्षा एक मिलिमीटर मोठी पाडली, कारण हे एका सिलिंडरचं इंजिन सगळ्या गाडीला थरथरवतं आणि फायबरला हलायला जागा नसली की बोल्टपाशीच तडकतं. डाव्या बाजूला रबराचे ग्रोमेट लावले. उजवीकडे रबर संपलं म्हणून नुसते लोखंडी वायसर लावले, नंतर बदलू म्हणून, आणि आठ महिने ते तसेच राहिले. कारीवर जो तडा गेला तो तिथूनच गेला. म्हणजे श्रेय मामांच्या तीन पदरांचं आहे आणि थोडं रबराचंही. मॅट वाढवल्यामुळे डावी बाजू किती मजबूत झाली ते मात्र अंगठ्यानं दाबलं तरी कळतं. परत आल्यावर उजवीकडेही तेच केलं.

मधे एकदा पडलोही, मोहिते रेसिंगच्या इथल्या ट्रॅकवर, हळू वळणावर. टेलची कड घासली आणि बाजूचा जेलकोट उडाला. बाकी काही नाही. मूळचं प्लास्टिक असतं तर त्याच दिवशी दोन पॅनेल गेले असते. सेटचे पैसे तिथेच निम्मे वसूल झाले.

तेव्हा माल घ्यावा का? घ्यावा. मी परत त्यांच्याकडूनच घेईन. पण पैसे पाठवण्याआधी खोकं किती प्लायचं, टेल वेगळं बांधणार का, बिल्टीवर किंमत लिहिणार का, हे विचारून उत्तर लेखी घेईन. गेल्या आठवड्यात एका मित्रानं त्यांच्याकडूनच त्याच्या यामाहा आर थ्रीचा सेट मागवला. त्याला दोन खोक्यांत आला, पाच प्लायची, आतून फोम. त्यानं विचारलं तेव्हा कारखानदार म्हणाला, आता सगळ्यांना असंच पाठवतो.

जुना, गळका बेलीपॅन परत पाठवायला त्यांनी सांगितलं नाही. तोही मागून दोन पदर टाकून दुरुस्त केला आहे, जास्तीचा म्हणून जवळ राहील. परवा रात्री गच्चीवर त्याच दोन विटांवर ठेवून काठोकाठ पाणी भरलं. सकाळी खाली अंथरलेलं वर्तमानपत्र कोरडं होतं.